‘घाला’ या शब्दाचा उपयोग व दुरुपयोग

अवचित हल्ल्याला मराठीत शब्द पुष्कळ आहेत. परंतु एकाच्या जागी दुसरा चालेल असे मात्र नाही. ‘धाड’ पडते ती जमावाची, म्हणूनच टोळधाड. ‘झडप’ ससाण्याची. ‘छापा’ योजनापूर्वक घातला जातो. त्यात माणसे थोडी, वेळ अडनिडी, लक्ष्य नेमके आणि परतीची वाट आधी ठरलेली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्यास लाल महालात शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर घातला तो छापा. खानाची बोटे तुटली आणि त्याची छावणी सावरण्यापूर्वी महाराज निघूनही गेले. आयकर खात्याच्या झडतीलाही आज छापाच म्हणतात. पूर्वसूचना नसणे हे साम्य असल्याने तो उपयोग खटकत नाही.

‘घाला’ या शब्दाची प्रकृती निराळी आहे. छाप्यात दृष्टी घालणाऱ्याच्या कौशल्यावर असते, घाल्यात ती ज्याच्यावर आघात झाला त्याच्या असहायतेवर असते. म्हणून भरल्या घरातील कर्ता पुरुष हसत बोलत असता एकाएकी गेला, तर ‘काळाने घाला घातला’ हेच शब्द यथार्थ होत.

आक्षेप आहे तो वृत्तपत्रांच्या सवयीवर. अपघात कोणताही असो, मथळा ‘काळाचा घाला’ हाच! २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल महापुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह बुडाल्या. प्रवाशांच्या दृष्टीने तो घालाच होता. परंतु पुलाचे वय ठाऊक होते, कोकणातील पाऊसही ठाऊक होता. ज्यांच्याकडे पुलाची देखभाल होती, त्यांना या शब्दाचा आडोसा कसा द्यावा?

आपल्या देवस्थानांचा इतिहास येथे उद्बोधक आहे. पोर्तुगीज अमलात संकटाची चाहूल लागताच १५६० च्या सुमारास भक्तांनी कुशस्थळीचा श्रीमंगेश जुवारीपलीकडे प्रियोळास नेला. संकट मोठे होते. पण ते ओळखणारी माणसे जागी होती, म्हणून देव वाचला. चाहूल लागूनही जे टाळले जात नाही, त्याला घाला म्हणू नये. त्याला हयगय हा शब्द मराठीत आहे.

काळावर सर्व भार टाकणे ही श्रद्धा नव्हे. संपादकांनी ‘पूल पडला, माणसे बुडाली’ असे सरळ लिहावे आणि पुढच्याच ओळीत पुलाची तपासणी कोणी व केव्हा केली, हे विचारावे. ‘घाला’ हा शब्द खऱ्या शोकासाठी राखून ठेवावा.