सुकाणूवरचे दोघे

जोसेफ कॉनरॅडच्या 'लॉर्ड जिम' (१९००) या कादंबरीवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालताना आम्हाला संकोच वाटतो. पण यातली बहुतेक चर्चा जिमच्या टोचणाऱ्या मनाभोवतीच फिरते. ज्यांना सोडून जिमने होडीत उडी टाकली, त्या 'पटना'वरच्या आठशे यात्रेकरूंचे काय?

घटना खरी घडलेली. १८८० साली 'जेद्दा' ही आगबोट सिंगापूर व पेनांगहून हजला निघालेले नऊशेहून अधिक यात्रेकरू घेऊन जात होती. ऑगस्टमध्ये बोटीत पाणी शिरू लागले, आणि कप्तान व गोरे अधिकारी यात्रेकरूंना तसेच टाकून निघून गेले. एडनला पोहोचून त्यांनी बोट बुडाल्याची खबर दिली. दुसऱ्याच दिवशी 'जेद्दा' दुसऱ्या बोटीच्या दोराला बांधून त्याच बंदरात आली!

कॉनरॅड हे यात्रेकरू बोटीवर चढताना फार सुंदर रंगवतो. मग ते झोपतात, आणि कादंबरीतून जवळजवळ निघूनच जातात. चौकशीत त्यांना कोणी काही विचारत नाही. साक्षीला येतात ते दोन मलायी सुकाणी. साहेब पळाले तरी हे दोघे चाकापाशी उभेच होते. पहिल्याला विचारतात, तुला तेव्हा काय वाटले? दुभाषी सांगतो, काहीच वाटले नाही. दुसरा म्हातारा आहे. गोरे लोक मरणाच्या भीतीने पळाले, हे त्याला आजही पटत नाही; काही गुप्त कारण असेल, असे तो म्हणतो. आणि एकदम थरथरत, मरून गेलेल्या कप्तानांची, विसरलेल्या जहाजांची नावे घडाघडा सांगू लागतो. शेवटी त्याला थांबवले जाते.

आमच्या मते हे अर्धे पान साऱ्या कादंबरीत सरस आहे. कॉनरॅड स्वतः शिडाच्या जहाजांवर वाढलेला खलाशी. त्या म्हाताऱ्याची किंमत त्याला कळत होती. तरी तो पुन्हा जिमकडेच वळतो. त्या यादीतले एकही नाव त्याने लिहिलेले नाही.

अमिताव घोष यांच्या 'सी ऑफ पॉपीज' (२००८) मध्ये, १८३८ च्या 'आयबिस'वर, सारंग अली बोलतो, डाव टाकतो, मिश्र वंशाच्या पोराला साहेब बनवतो. (बनवतो म्हणजे दोन्ही अर्थांनी.) घोष यांना लष्करी बोलीचे वेड आहे, ते कधी कधी माणसापेक्षा शब्दांवरच भाळतात, अशी आमची तक्रार. पण सारंग, तांडेल, सुकाणू हे शब्द वाचताना आम्हाला कोश उघडावा लागला नाही. रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांच्या पिढ्या पी. अँड ओ.च्या बोटींवर डेक घासत, दोर ओढत सरल्या. तिथल्या ओट्यांवरही बोटींची आणि कप्तानांची नावे ओळीने सांगणारे म्हातारे होते. आम्ही मराठी लिहिणाऱ्यांनीही त्यांना 'पुरे चाचा' म्हणून थांबवले, आणि चहा मागवला.