न आलेल्या गाडीचे समीक्षक

आमच्या बँकेत डबे उघडले की मोटारींची समीक्षा सुरू होते. समीक्षाच म्हणायची, पुस्तक न वाचता बोलावे तसे सगळे गाडी न पाहता बोलतात. टाटांची नवी सिएरा 2020 च्या ऑटो एक्स्पोत नुसती नमुन्यादाखल मांडली होती. बाजारात आली 2025 च्या नोव्हेंबरात. मधली पाच वर्षे ती आमच्या पोळीभाजीवर धावली, बरं का! इंजिन, सॉफ्टवेअर, बाहेरून बसवायचे दिवे, सारे ठरले. ती आली, तसा मी स्टाफच्या कर्जाचा अर्ज पुढे केला. मंडळी एकदम हात धुवायला उठली. येणारी गाडी सर्वांना परवडते, आलेली नाही. अर्ज मीच घरी नेला. "आधी स्कूटरचं सीटकव्हर बदला," सौ. म्हणाली. बदललं. पण डबा अळणी लागतोय. पुढच्या गाडीची काही खबर?