'एकट्या'चा गोतावळा

सोलो ट्रिपच्या रील्स आपण सगळेच बघतो. समोर समुद्र, मागे संथ संगीत, मध्ये एकटा माणूस. त्याला रात्री जेवायला कोणी घातलं, रस्ता कोणी दाखवला, हे त्यात येत नाही. या प्रकाराचं मूळ पुस्तक शोधायला निघालात तर जोशुआ स्लोकमच्या 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'पाशी पोचाल. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. पुस्तक १९०० सालचं, कॉपीराइट संपलेलं, त्यामुळे फोनवर फुकट वाचता येतं. वाचाच. पण नावातल्या 'अलोन'वर फार विश्वास ठेवू नका.

स्लोकम मूळचा नोव्हा स्कोशियाचा, मोठ्या शिडाच्या जहाजांवरचा कप्तान. वाफेच्या जहाजांनी त्याचा धंदा खाल्ला. मग त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला पडून असलेली एक जुनी होडी, 'स्प्रे', तेरा महिने खपून जवळजवळ नव्याने बांधली. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. सेंटसुद्धा त्याने लिहून ठेवलेत. २४ एप्रिल १८९५ला बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ला न्यूपोर्टला परतला. मधे ४६,००० मैल.

या प्रवासातलं तांत्रिक आश्चर्य म्हणजे होडीचा तोल. सुकाणू दोरीने बांधून ठेवलं की स्प्रे आपली दिशा आपणच धरून चालायची. आजच्या ऑटोपायलटला सेन्सर लागतात, मोटर लागते. इथे ते काम होडीचा लांब तळ आणि शिडांची मांडणी करत होती. ऑस्ट्रेलियाच्या टोकाजवळच्या थर्सडे आयलंडपासून कीलिंग बेटांपर्यंत २,७०० मैल तो २३ दिवसांत गेला, आणि त्यात सुकाणूवर तीन तासही बसला नाही, असं तो सांगतो. म्हणजे समुद्रावर त्याला वेळच वेळ होता.

तरीही समुद्रावरचे दिवस पुस्तकात भराभर संपतात. हुआन फर्नांडेझहून सामोआपर्यंत तो ७२ दिवस एकाही बंदराला लागला नाही, आणि त्या दिवसांना पानं मिळालीत मोजकीच. जमीन दिसली की मात्र त्याचं गद्य पाय पसरून बसतं. हुआन फर्नांडेझ म्हणजे अलेक्झांडर सेल्कर्कचं बेट. रॉबिन्सन क्रूसोची कथा ज्याच्याशी जोडली जाते तो सेल्कर्क इथे चार वर्षांहून जास्त काळ एकटा राहिला. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध एकटेपणाच्या या जागी स्लोकम काय करतो? बेटावरच्या लोकांना डोनट तळायला शिकवतो, त्यासाठी लागणारी चरबी विकतो, आणि बदल्यात बुडालेल्या जहाजातली जुनी नाणी घेतो. सगळ्यात सुखाचा दिवस म्हणून तो कोणता सांगतो, तर पोराटोरांना घेऊन रानातली फळं गोळा केली तो.

सामोआत तर अजून गंमत. होडीतून आलेल्या बायका त्याला विचारतात, एकटाच आलास? त्यांना ते पटत नाही. बरोबर माणसं असणार, तूच त्यांना खाल्लं असशील, असं म्हणून त्या त्याची टर उडवतात. दक्षिण समुद्रातल्या नरभक्षकांच्या कहाण्यांवर पोसलेल्या वाचकाला ही चपराक आहे, आणि ती स्लोकमने स्वतःवर घेतली आहे. पुढे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची पत्नी फॅनी त्याला भेटते. स्टीव्हन्सनला जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. ती नवऱ्याच्या संग्रहातले नौकानयनाचे ग्रंथ स्लोकमला देते. त्याच्या मेजावर बसून पत्रं लिही, असंही सुचवलं जातं, पण स्लोकमला तो आगाऊपणा वाटतो. तो बसत नाही. इतका हळुवार पाहुणा क्वचित वाचायला मिळतो.

म्हणूनच मॅगेलनच्या सामुद्रधुनीची प्रकरणं वाचताना घास अडतो. तिथेही माणसंच आहेत, फुएगोचे मूळ रहिवासी, तेही होड्यांमधून येतात. पण इथे पाहुणा बंदूक काढतो. होडीवर तीन माणसं आहेत असं भासवायला कपडे बदलून पुन्हा पुन्हा वर येतो, बाहुला उभा करतो. पुंटा अरेनासला एका कप्तानाने दिलेले गालिच्याचे खिळे रात्री डेकवर पसरून झोपतो. अंधारात अनवाणी चढलेले लोक किंचाळत पळतात. हा प्रसंग पुस्तकातला सगळ्यात गाजलेला विनोद आहे. त्या लोकांच्या भाषेतला एकच शब्द आपल्याला ऐकू येतो, आणि त्याचा अर्थ स्लोकम भीक मागणं असा सांगतो.

त्याची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. तिथे खलाशी मारले गेले होते. पण त्याच पानांत, एका जहाजावरच्या माणसांच्या हत्येचा सूड म्हणून दुसऱ्याच ठिकाणची वस्ती उद्ध्वस्त करायला पुंटा अरेनासच्या गव्हर्नरने तुकडी धाडली, हेही तो लिहितो आणि पुढे सरकतो. याच काळात तिएरा देल फुएगोवर मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीन घेणारे लोक तिथल्या सेल्कनाम जमातीला मारण्यासाठी बक्षिसं देत होते. होड्यांतले लोक वेगळ्या जमातींचे होते. पण गोऱ्या माणसाचं शीड दिसल्यावर त्यांना काय आठवत असेल, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही.

वर्णद्वेष म्हणून हे पुस्तक बाजूला सारणं सोपं आहे, पण सामोआची पानं ते करू देत नाहीत. मला दिसतो तो फरक असा: ज्यांनी त्याला पाहुणा मानलं त्यांना चेहरे मिळाले, ज्यांच्या दारात तो न विचारता शिरला ते नुसत्या सावल्या राहिले. प्रवासवर्णन नावाच्या प्रकाराचाच हा दोष आहे. आदरातिथ्य करील तो माणूस.

आपल्याकडे कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने जग फिरून आले, असं करणारे पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन असे चार थांबे होते. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून न थांबता गेले. विक्रमांच्या हिशेबात थांबा ही वजाबाकी असते. स्लोकम वाचल्यावर हा हिशेब उलटा वाटायला लागतो. माणूस कसा आहे हे वादळात कळतंच. पण तो कोणाच्या घरी जेवला, कोणाच्या मेजावर बसला नाही, आणि कोणासाठी खिळे पसरले, यावरून ते जास्त नेमकं कळतं.