‘बंडखोर’ पेशी आणि तिचे शेजारी

कर्करोगावरील मराठी लेखांत आणि आमच्या नागपूरच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर एक ‘बंडखोर पेशी’ हमखास भेटते. ती एकटीच बिघडते आणि बेसुमार वाढत सुटते. हे चित्र खोटे नाही. पण त्यात शेजारच्या पेशी नुसत्या बघ्या असतात. आमचा आक्षेप त्याला आहे.

यकृताचे उदाहरण घेऊ. तेथील लगतच्या पेशींना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात. कोनेक्सिन या प्रथिनाचे सहा रेणू एका पेशीचे व सहा दुसरीचे मिळून एक नलिका बनते. तिच्यातून कॅल्शियमचे आयन, ग्लुकोज असे लहान कण पलीकडे जातात. प्रथिने जात नाहीत. १९६६ साली लोवेनस्टाइन व कानो यांनी दाखवले की, निरोगी यकृतपेशीत सोडलेला विद्युतप्रवाह शेजारच्या पेशीत पोचतो, यकृताच्या कर्कपेशींमध्ये मात्र तो अडतो.

पण हे कर्करोगाचे कारण की परिणाम? तयार झालेली गाठ पाहून ते कळणार नाही. सुरुवातीकडेच जायला हवे. बुरशी लागलेल्या भुईमुगातले अफ्लाटॉक्सिन यकृतपेशीच्या जनुकात बिघाड करू शकते. अशी पेशी पुढे कित्येक वर्षे गप्प राहू शकते. फेनोबार्बिटल किंवा डीडीटी दिल्यास मात्र प्रयोगातल्या उंदरांत अशा पेशींचे पुंजके वाढतात, आणि हीच द्रव्ये यकृतपेशींतील नलिकांची देवाणघेवाणही रोखतात. कोनेक्सिन-३२ चे जनुक काढलेल्या उंदरांत यकृताच्या गाठी अधिक होतात, हे १९९७ मध्ये दिसले. पुढे अशाच उंदरांवर फेनोबार्बिटलचा गाठी वाढवणारा परिणाम जवळजवळ दिसेना. नलिका मुळातच नसतील तर औषधाने बंद काय करायचे, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

म्हणून ‘संवाद तुटला की कर्करोग’ असा नवा तक्ता रंगवावा काय? तोही आम्हाला पटणार नाही. माणसाच्या यकृताच्या काही गाठींत कोनेक्सिन असते, पण पेशीच्या कडेला नव्हे, आत अडकलेले. शिवाय उंदरांच्या कित्येक जातींत यकृताच्या गाठी आपोआपही होतात. फेनोबार्बिटल हे तर अपस्मारावरचे जुने औषध. ते वर्षानुवर्षे घेणाऱ्या रुग्णांत यकृताचा कर्करोग वाढल्याचा ठोस पुरावा नाही. उंदरांचा हा प्रयोग वर्गात सांगताना शिक्षकांनी हे वाक्य गाळू नये; ती गोळी रोज घेणारा एखादा विद्यार्थी समोरच्या बाकावर बसलेला असू शकतो.