पन्नास टक्क्यांचा पावसाळा

स्टार्चच्या विघटनशील फिल्मवरचा एखादा पेपर उघडा. ताणशक्ती, ताणल्यावर होणारी लांबी, वाफेची पारगम्यता यांचा तक्ता हमखास असतो. आणि पद्धतीच्या भागात कुठेतरी एक ओळ: नमुने २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवले. माझा आक्षेप या ओळीला नाही. एएसटीएम डी६१८ हे मानक तेच सांगतं, आणि त्यामुळेच दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवता येतात. आक्षेप आहे तो शेवटच्या परिच्छेदाला, जिथे याच आकड्यांवरून फिल्म 'अन्नाच्या पॅकिंगसाठी योग्य' ठरते.

जुलैत रत्नागिरीत आर्द्रता ८५ च्या आसपास किंवा वरच असते. तिथे या फिल्मचं काय होतं? पापडाचं होतं तेच: ती सादळते. स्टार्चच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाण्याचे रेणू मध्ये शिरले की पकड सुटते, साखळ्या घसरायला लागतात. त्यात फिल्म लवचिक राहावी म्हणून आपणच ग्लिसरॉल घातलेलं असतं, आणि तेही हवेतलं पाणी ओढतं.

बरं, हे पाणी आर्द्रतेच्या सरळ प्रमाणातही वाढत नाही. साधारण ७५ टक्क्यांपुढे आलेख एकदम चढतो. ताकद घसरते, ऑक्सिजन अडवण्याची क्षमताही जाते, म्हणजे आतला मसाला खराब व्हायला मोकळा. उलट विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात तीच फिल्म कडक होऊन तडकू शकते. मग नॅनोक्ले घालून वाढलेली ताकद ८५ टक्क्यांत टिकते का, हे विचारल्याशिवाय ती 'सुधारणा' कशी म्हणायची?

महागडं यंत्र नाही, ही सबब फारशी चालत नाही. बंद डेसिकेटरमध्ये २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण सुमारे ३३ टक्के आर्द्रता राखतं, साधं मीठ ७५ आणि पोटॅशियम क्लोराइड ८४. वेळ लागतो, हे खरं. जास्त आर्द्रतेत नमुन्यांवर बुरशी येते, हेही खरं. पण बुरशीमुळे मोजता आलं नाही, तर तोही निष्कर्षच आहे; तो लिहायला हवा.

तेव्हा पुढच्या वेळी तक्ता वाचताना आधी आर्द्रतेचा आकडा शोधा. तो एकच असेल, तर पेपरने फिल्मची ओळख करून दिली आहे, वापराची हमी नाही.