बारावीचे राज्यशास्त्र : आशय, प्रश्नप्रकार आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वास्तव

प्रस्तावना

६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले व ही तरतूद १९८९ पासून अमलात आली. त्यामुळे इयत्ता बारावीचे वर्ष हे बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत मतदार होण्याच्या उंबरठ्यावरचे वर्ष असते. या टप्प्यावर शिकविले जाणारे राज्यशास्त्र विद्यार्थ्याला राजकीय व्यवहार समजून घेण्यास कितपत समर्थ करते, हा या विषयाचा खरा निकष होय. प्रस्तुत लेखात २०२० साली लागू झालेल्या बालभारतीच्या बारावीच्या राज्यशास्त्र पाठ्यपुस्तकाचा या निकषावर विचार केला आहे.

आशय व प्रश्नप्रकार

१९९१ नंतरचे जग, जागतिकीकरण, मानवतावादी समस्या, समकालीन भारतापुढील आव्हाने, सुशासन आणि भारत व जग अशी या पुस्तकाची मांडणी आहे. विषयाला वर्तमानाजवळ आणणारी ही निवड स्वागतार्ह आहे. अडचण आशयाची नसून तो तपासण्याच्या पद्धतीची आहे. 'सहसंबंध स्पष्ट करा' हा प्रश्नप्रकार दोन संकल्पनांमधील नाते शोधावयास लावतो. याउलट 'दिलेल्या मुद्द्यांच्या आधारे सविस्तर उत्तर लिहा' या प्रकारात विचाराची चौकट प्रश्नकर्त्यानेच आखून दिलेली असते. विद्यार्थी ती भरतो, आणि ती भरण्याचा मजकूर त्याला मार्गदर्शकांत तयार मिळतो.

राज्यभरातील उत्तरपत्रिकांच्या तपासणीत एकवाक्यता राहावी म्हणून मुद्दे देणे आवश्यक आहे, असा प्रतिवाद केला जातो. तो अग्राह्य नाही. ग्रामीण विद्यार्थ्याला अशा मुद्द्यांचा आधारही होतो. परंतु लेखी परीक्षेच्या ८० गुणांना हे बंधन असले, तरी अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांना ते नाही. स्वतंत्र विचाराला वाव आहे तो येथेच.

जिल्ह्यातील दोन उदाहरणे

जागतिकीकरणाचा पाठ रत्नागिरी जिल्ह्यात शिकविताना दूरच्या उदाहरणांची गरज नाही. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला. १९९५ साली राज्यात सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने तो रद्द केला आणि १९९६ मध्ये सुधारित अटींवर पुन्हा मान्य केला. १९९९ साली सुरू झालेला हा प्रकल्प विजेच्या दराच्या व थकबाकीच्या वादात २००१ मध्ये बंद पडला. परकीय भांडवल, राज्याचे सार्वभौमत्व, केंद्र-राज्य संबंध आणि पक्षीय राजकारण हे सर्व गुहागर तालुक्यातील या एका प्रकरणात एकत्र येतात. जागतिकीकरणाची व्याख्या पाठ असूनही हे प्रकरण न उलगडलेला विद्यार्थी विषय शिकला असे म्हणणे कठीण आहे.

दुसरे उदाहरण सुशासनाचे. राजापूर तालुक्यातील नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या विरोधात ग्रामसभांनी ठराव केले. २०१९ मध्ये तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये याच तालुक्यातील बारसू येथे माती परीक्षणावरून आंदोलन झाले. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, हे विद्यार्थी लिहितो. मात्र ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक असतो काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करण्याची तरतूद करणारा १९९६ चा पेसा कायदा केवळ पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना लागू आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात असे क्षेत्र नाही. एवढी एक बाब समजली, तरी अधिकार व सत्ता यांतील अंतर विद्यार्थ्याच्या ध्यानी येते. प्रकल्प हवा की नको, हे शिक्षकाने सांगावयाचे नाही. समर्थक व विरोधक या दोन्ही बाजूंचे युक्तिवाद विद्यार्थ्याकडून मांडून घ्यावयाचे आहेत.

निष्कर्ष

संपूर्ण राज्यासाठी तयार होणाऱ्या पुस्तकात प्रत्येक जिल्ह्याचे वास्तव येऊ शकत नाही. ती जबाबदारी अध्यापकाची आहे. अंतर्गत मूल्यमापनासाठी पाठ्यपुस्तकातील उतारे पुन्हा लिहून घेण्याऐवजी ग्रामसभेचे इतिवृत्त, शासकीय अधिसूचना व वृत्तपत्रीय नोंदी यांवर आधारित प्रकल्प दिल्यास, अभ्यासक्रमात कोणताही बदल न करता हा विषय जिवंत होऊ शकतो. महाविद्यालयात प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी व्याख्या घेऊन येतो, प्रश्न घेऊन येत नाही, अशी आपली तक्रार असते. ते प्रश्न त्याच्या गावातच आहेत. बारावीच्या वर्गात त्यांना स्थान मिळाले पाहिजे.