‘सेतू’ या शब्दाची झडती

परदेशस्थ समाजांवर मराठीत जे लेखन होते, त्यात ‘सेतू’ हा शब्द हमखास भेटतो. बेने इस्राएल हा भारत-इस्राएल मैत्रीचा सेतू, परदेशातले शीख हा आणखी एक सेतू, आणि धर्म हा या सेतूंचा पाया. नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, धर्माबादला बसून हे वाचताना मला हा शब्द अपुरा वाटत आला आहे. सेतू म्हटले की त्यावरची ये-जा कोण सुरू ठेवतो आणि कोण थांबवतो, हा प्रश्न झाकला जातो. तो इथे उघडा करायचा आहे.

सुरुवात जिल्ह्यापासूनच करू. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. तिथला सचखंड गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. तेव्हा पंजाब रणजितसिंगांचा होता आणि नांदेड निजामाचे. श्रद्धा लाहोरची, जमीन हैदराबादच्या राज्यातली. म्हणजे भाविकांची ओढ कितीही खरी असली, तरी ती दोन दरबारांच्या संमतीतूनच वाट काढत होती. पुढच्या काळातली उदाहरणे तपासली तरी हेच सूत्र हाती लागते.

मराठी वाचकाला सर्वात जवळचे उदाहरण बेने इस्राएलांचे. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’ १९४८ नंतर हजारोंच्या संख्येने इस्राएलला गेले. भारताने इस्राएलला मान्यता दिली ती सप्टेंबर १९५० मध्ये. पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते जानेवारी १९९२ मध्ये. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे मराठी बोलणारे लोक तिकडे होतेच, सणवार करत होते, नातलगांना पत्रे लिहीत होते. सेतू होता, तर दूतावास का नव्हता? कारण दिल्लीचा हिशेब वेगळा होता: अरब देश, तेल, अलिप्ततावाद. १९९२ मध्ये जग बदलले, शीतयुद्ध संपले, माद्रिदची शांतता परिषद होऊन गेली होती, आणि दार उघडले. जुलै २०१७ मध्ये तेल अवीवच्या सभेत भारताच्या पंतप्रधानांनी ‘मायबोली’ या तिथल्या मराठी नियतकालिकाचा गौरवाने उल्लेख केला. संबंधांनी समाजाला व्यासपीठ दिले. आपण मात्र गोष्ट उलटी सांगतो.

म्हणून हा समाज निष्प्रभ होता असे नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत वंशावळीची चौकशी लावली. या लोकांनी आंदोलन केले, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना इतर यहुद्यांच्या बरोबरीचे म्हणून मान्य केले. त्यांचा जोर चालला तो नागरिक म्हणून, आपल्या नव्या देशाच्या सरकारवर. दोन देशांच्या संबंधांवर नव्हे.

कॅनडाचे उदाहरण याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवते. तिथल्या २०२१ च्या जनगणनेत शीख सुमारे ७ लाख ७० हजार, लोकसंख्येच्या २.१ टक्के होते. भारतात हे प्रमाण २०११ मध्ये १.७ टक्के होते. मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली ही मते कोणताही पक्ष दुर्लक्षू शकत नाही. त्यामुळे इथे समाजाने परराष्ट्रसंबंधांवर परिणाम केला, पण तो जोडणाराच असेल असे नव्हते. निज्जर हत्येवरून सप्टेंबर २०२३ मध्ये आरोप झाले आणि भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणे काही काळ थांबवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या सहा-सहा अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितले. या वादाशी काडीचा संबंध नसलेल्या, पण नव्या व्हिसावाचून येऊ न शकणाऱ्या भाविकालाही त्या काळात नांदेडची वाट बंद झाली.

कर्तारपूरचेही तसेच. ऑगस्ट २०१९ मध्ये भारत-पाकिस्तान व्यापार थांबला, तरी नोव्हेंबरमध्ये मार्गिका खुली झाली. धर्म राजकारणावर मात करतो, असे तेव्हा लिहिले गेले. मे २०२५ मध्ये संघर्ष पेटला आणि भारताच्या बाजूने ती बंद झाली. किल्ली कुणाकडे होती, ते त्या दिवशी कळले.

आता धर्माबादकडून पाहू. शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातून माणसे वर्षानुवर्षे आखाती देशांत राबायला जातात. त्यांनाही देव आहे, घरी पाठवलेला पैसा आहे, दोन देशांतला रोजचा व्यवहार आहे. पण तिथे त्यांना नागरिकत्व नाही, मत नाही. सेतूंच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच येते. यावरून मला वाटते, ‘सेतू’ ही पदवी समाजाच्या कार्यावरून मिळत नाही. ती देणाऱ्या सरकारांच्या सोयीवरून मिळते. समीक्षेने ती पदवी जशीच्या तशी उचलू नये. समाजाला पूल म्हणण्याआधी त्याच्यावरून कोण चालते आणि भार कोण सोसते, एवढे तरी पाहावे.